तो प्रश्न माझा नव्हता

माझ्या नावावर एक शोधनिबंध आहे. शब्द माझे, संदर्भ मी स्वतः तपासलेले, मांडणीही वाईट नाही. त्यातला प्रश्न मात्र माझा नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाने तो २००३ सालच्या जानेवारीत विचारला होता आणि मी त्याला खाली बसवलं होतं. आठ वर्षांनी तोच प्रश्न मी परिसंवादात वाचला, छापून आणला आणि बढतीच्या फायलीत लावला. निबंधात त्या मुलाचा उल्लेख कुठेही नाही. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. घरातही नाही.

निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. काशीत पस्तीस वर्षं इंग्रजी साहित्य शिकवलं. निरोपाच्या दिवशी शाल, श्रीफळ, भाषणं सगळं रीतसर झालं. एका सहकाऱ्याने माझ्या त्याच निबंधाचं नाव घेतलं, आणि टाळ्या पडत असताना मला तो मुलगा दिसला. उभा राहिलेला, हातात वही, तोंड अर्धवट उघडं. मी ज्या विद्यापीठात शिकवलं त्याचं नाव इथे घेत नाही. त्या दिवशी वर्गात जे घडलं ते मला कुणी करायला लावलं नव्हतं.

आमचं घर दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत. पणजोबा नाशिकहून आले ते इथेच राहिले. घरात मराठी, गल्लीत बनारसी हिंदी, वर्गात इंग्रजी, असं माझं आयुष्य तीन भाषांत वाटलेलं. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, शुक्ल यजुर्वेदी, माध्यंदिन शाखेचे वैदिक. खालच्या सोप्यात ते मुलांना संथा द्यायचे. गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा. सकाळी मी एलियटवरचं टिपण काढत वरच्या खोलीत बसलेला असायचो आणि जिन्यातून तो घोष वर यायचा. मी दार लावून घ्यायचो. आवाजाचा त्रास होतो, असं मी स्वतःला सांगत असे. खरंच आवाजाचा त्रास होता का?

त्या जानेवारीत धुकं इतकं होतं की सकाळी अकरा वाजताही वर्गात ट्यूबलाईट लावावी लागे. एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी एलियटची ‘द वेस्ट लँड’ शिकवत होतो. १९२२ ची ही कविता, आणि तिचा शेवटचा भाग बृहदारण्यकोपनिषदातल्या मेघगर्जनेवर उभा आहे, हे इंग्रजीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतं. एलियट हार्वर्डमध्ये लॅनमन यांच्याकडे संस्कृत शिकला होता, हेही मी दरवर्षी सांगायचो. काशीत हे सांगताना जरा छातीही फुगायची. परदेशी कवीला शेवटी आपल्या घाटापाशी यावं लागलं, असं काहीसं मी म्हणायचो, आणि मुलांना ते आवडायचं.

तो मुलगा संस्कृतकडून आलेला होता. १७९१ मध्ये जोनाथन डंकनने इथे सुरू केलेल्या पाठशाळेतून आजचं संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय झालं. तिथून शास्त्री होऊन तो इंग्रजीत एम. ए. करायला आला होता. खेड्यातला, अंगावर तपकिरी लोई, शेवटून दुसऱ्या बाकावर. त्याची वही मी एकदा तपासायला घेतली होती. प्रत्येक अवघड इंग्रजी शब्दावर त्याने शिसपेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहिले होते, अगदी बारीक, पुसता येतील असे.

तो उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, एक जिज्ञासा है.”

आमच्या विभागात कुणी गुरुजी म्हणत नसे, सर म्हणत. वर्ग हसला. त्याने हिंदीत विचारलं ते साधारण असं होतं. उपनिषदात प्रजापती आधी देवांना उपदेश करतो, मग माणसांना, शेवटी असुरांना. म्हणजे क्रम दमन, दान, दया असा आहे. कवितेत दान आधी, मग दया आणि दमन शेवटी. कवीने क्रम का बदलला?

मला माहीत नव्हतं. का बदलला हे तर नाहीच, क्रम बदललाय हेसुद्धा माहीत नव्हतं. ती कविता शिकवायला लागून मला दहा वर्षं झाली होती. त्या दहा वर्षांत कवितेवरचे ग्रंथ मी वाचले होते, एलियटच्या टिपा वाचल्या होत्या, टिपांवरच्या टिपा वाचल्या होत्या. बृहदारण्यक उघडलं नव्हतं.

मी म्हणालो, “इन इंग्लिश, प्लीज.”

त्याने प्रयत्न केला. “सर, द ऑर्डर...” एवढं म्हणून तो थांबला. शब्द शोधत होता. मागून पुन्हा कुणीतरी हसलं. मी घड्याळ पाहिलं, “वी विल कम बॅक टु दिस” असं म्हणून पान उलटलं. तो बसला. पुढच्या चार महिन्यांत त्याने एकही प्रश्न विचारला नाही. परीक्षा दिली, दुसऱ्या वर्गात पास झाला, गेला.

याचं समर्थन करता येतं, आणि मी ते पुष्कळ वर्षं करत आलो. इंग्रजीचा वर्ग आहे, इंग्रजीत बोललं पाहिजे, नाहीतर गावाकडच्या मुलांना भाषेचा सराव कधी होणार? हे म्हणणं खोटं नाही. मीसुद्धा मराठी घरातून येऊन धडपडत इंग्रजी बोलायला शिकलो आणि माझ्याशी कडक वागलेल्या शिक्षकांचे उपकार मानतो. पण त्या सकाळी ते वाक्य मी त्याच्या सरावासाठी म्हटलं होतं का? त्याआधी तीन-चार मुलांनी हिंदीत शंका विचारल्या होत्या आणि मी हिंदीतच उत्तरं दिली होती. त्यांची उत्तरं मला येत होती.

एवढं लिहायला मला बावीस वर्षं लागली.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा अण्णा खालीच होते. संथा आटोपून, कानटोपी घालून, पोथी गुंडाळत बसलेले. शतपथ ब्राह्मण हा त्यांच्या शाखेचा ग्रंथ आणि बृहदारण्यक त्याच्याच अखेरीला येतं. ज्या चार ओळींवर मी वर्गात अडलो त्या त्यांना स्वरासकट पाठ होत्या. मला फक्त विचारायचं होतं, अण्णा, प्रजापतीच्या गोष्टीत आधी कोण येतं? मी चपला काढल्या, “जेवलात का?” म्हणून विचारलं आणि जिना चढून वर गेलो.

का विचारलं नाही? यावर मी खूप विचार केलाय. माझ्या मनात एक वाटणी होती. खाली जे चालतं ते पाठांतर, वर जे चालतं ते ज्ञान. अण्णा अर्थ न बघता म्हणतात आणि मी अर्थ लावतो, असं मला वाटत असे. त्यांना विचारणं म्हणजे जिना उतरून ती वाटणी मोडणं. आणि मग त्यांनी नक्की विचारलं असतं, “तू शिकवतोस ना रे हे? मग मूळ वाचलं नाहीस?” त्यांच्या त्या प्रश्नाला मी भ्यालो. वर्गात मुलाला भ्यालो, घरी बापाला. २००७ मध्ये अण्णा गेले.

२०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे नवे नियम आले आणि आमच्या बोलण्यात एपीआय हा शब्द शिरला. बढतीसाठी गुण मोजायचे. मान्यताप्राप्त परीक्षित नियतकालिकात निबंध आला की १५ गुण. मी कागद घेऊन बेरीज केली तेव्हा प्राध्यापकपदासाठी थोडे गुण कमी पडत होते. त्याच आठवड्यात मला तो प्रश्न आठवला. आठवला म्हणणंही पुरतं खरं नाही. तो कधी विसरलोच नव्हतो. आता त्याची किंमत कळली.

अण्णांच्या कपाटातून पुण्याच्या आनंदाश्रमाची बृहदारण्यकाची प्रत काढली, शांकरभाष्यासह. पानं पिवळी, कडेला त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा. पाचव्या अध्यायातलं दुसरं ब्राह्मण उघडलं. एलियटने आपल्या टिपेत पाचव्यातलं पहिलं लिहिलंय, ती चूकही तेव्हाच दिसली. पाच आठवड्यांत निबंध झाला. माझं म्हणणं असं होतं की कवितेतलं ओसाड जग माणसांचं आहे, म्हणून कवी माणसांना मिळालेल्या उपदेशापासून, म्हणजे दानापासून सुरुवात करतो. परिसंवादात तो वाचल्यावर एक ज्येष्ठ प्राध्यापक उठले आणि म्हणाले, हा प्रश्न काशीच्या माणसालाच सुचू शकतो. मी मान झुकवून आभार मानले. तिथे बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मंचावर माईक माझ्याच हातात होता.

मनात वकील उभा राहतोच. प्रश्न का कुणाच्या मालकीचा असतो? क्रम बदलल्याची गोष्ट माझ्याआधी कितीतरी अभ्यासकांनी नोंदवली आहे. निबंध लिहिताना ते मला दिसलं होतं आणि मी त्यांचे संदर्भ रीतसर दिले होते. मग चोरी कसली? २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याचे नियम आले, त्यात १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. माझा निबंध कुठल्याही सॉफ्टवेअरला दिला तरी काही सापडणार नाही. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४३०५ नियतकालिकं आपल्या यादीतून काढून टाकली. त्या दिवशी मी पहिलं काम काय केलं असेल, तर आपलं नियतकालिक त्यात आहे का ते पाहिलं. नव्हतं. मोठा श्वास सोडला. माझा निबंध खरा ठरला असं मला त्या क्षणी वाटलं.

पण छापील अभ्यासकांना मी तळटीप दिली आणि शेवटून दुसऱ्या बाकावरच्या मुलाला दिली नाही, यात काय होतं? ज्यांची पुस्तकं आहेत, जे उद्या मला जाब विचारू शकतात, त्यांचं देणं मी चुकतं केलं. जो विचारू शकत नव्हता त्याचं ठेवून घेतलं. आणि त्याचं नाव घेतलं असतं तर त्या सकाळची हकिगतही सांगावी लागली असती. तुम्हाला तेव्हा उत्तर येत होतं का, असं कुणी ना कुणी विचारलंच असतं.

अण्णांच्या त्या प्रतीत मी गुणांसाठी जे शोधत होतो ते सापडलं, आणि जे शोधत नव्हतो तेही समोरच होतं. गोष्ट अगदी लहान आहे. देव, माणसं आणि असुर ही प्रजापतीची मुलं त्याच्याकडे ब्रह्मचर्याने राहून शिकतात. शेवटी देव म्हणतात, आम्हाला काही सांगा. प्रजापती एकच अक्षर उच्चारतो, ‘द’. मग विचारतो, समजलं का? देव सांगतात, समजलं, स्वतःला आवरा म्हणालात. तो म्हणतो, हो, समजलं तुम्हाला. माणसं त्याच अक्षरातून द्या असं ऐकतात, असुर दया करा असं. तिघांनाही तो हो म्हणतो.

निबंधात मी या क्रमाचा कीस काढला. एक साधी गोष्ट तेव्हा डोळ्यांसमोर असून दिसली नाही. प्रजापती गुरू आहे, आणि अर्थ शिष्य सांगतात. ज्याला जे कमी आहे ते तो त्या अक्षरात ऐकतो, आपल्या परीने सांगतो, आणि गुरू ऐकून घेऊन हो म्हणतो. देवांनी एका तऱ्हेने सांगितलं म्हणून माणसांनीही तसंच सांगावं, असा आग्रह तो धरत नाही. माझ्या वर्गात त्याच गोष्टीवर एक विद्यार्थी त्याला जमत होतं त्या भाषेत बोलायला उठला, आणि मी काय म्हणालो?

शंकराचार्य भाष्यात म्हणतात की हे देव, माणसं, असुर वेगळे मानायलाच हवेत असं नाही. माणसांतच ज्यांना स्वतःला आवरता येत नाही ते देव, लोभी ते माणूस, क्रूर ते असुर. म्हणून तिन्ही उपदेश माणसासाठीच. हे मी निबंधात उद्धृत केलं होतं, पान क्रमांकासह. आज वाचतो तेव्हा तीन वेगळी माणसं मनात येत नाहीत. वर्गात त्या मुलाला गप्प करणारा मी, गुणांची बेरीज मांडून बसणारा मी, मंचावर स्तुती ऐकून मान झुकवणारा मी.

याच काशीत एकनाथांनी आपलं भागवत पुरं केलं, शके १४९५, म्हणजे १५७३ मध्ये. संस्कृतातलं प्राकृतात आणतो म्हणून काशीच्या पंडितांनी त्यांना आधी विरोध केला, असं परंपरा सांगते. लहानपणी अण्णांच्या तोंडून ही गोष्ट ऐकताना आम्ही अर्थातच नाथांच्या बाजूचे असायचो. ४३० वर्षांनी त्याच गावात एक मराठी माणूस एका मुलाला सांगतो की तुझ्या भाषेत हे विचारायचं नाही. मी कुणाच्या बाजूला बसलो होतो? संस्कृतच्या जागी इंग्रजी आली, एवढाच फरक. आणि गंमत नाही, दुःख याचं आहे की त्या मुलाला तर संस्कृतही माझ्यापेक्षा जास्त येत होतं.

गांधीजींचं भाषण मी अनेक वर्षं चुकीच्या हेतूने सांगत आलो. ६ फेब्रुवारी १९१६ ला हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात त्यांनी म्हटलं होतं की या पवित्र नगरीत आपल्याच लोकांशी परक्या भाषेत बोलावं लागतं याची लाज वाटते. हिंदी दिवसाला कुणी हे सांगितलं की मी उठून म्हणायचो, पण गांधीजी हे इंग्रजीतच म्हणाले ना? टाळ्या मिळायच्या. त्याच वर्षी परीक्षा सोडून काशीला आलेल्या विनोबांनी वर्तमानपत्रात त्या भाषणाबद्दल वाचलं, गांधीजींना पत्र लिहिलं आणि जूनमध्ये ते त्यांच्याकडे गेले. आईला संस्कृत गीता समजत नाही म्हणून पुढे त्यांनी गीताई लिहिली. एका भाषणातून एकाला आयुष्याची दिशा मिळाली, मला टाळ्यांचं एक वाक्य. इंग्रजी टाकून द्या असं मी आजही म्हणणार नाही. मला तिने भाकरी दिली आणि शेक्सपिअर दिला. मात्र त्या लाजेचा विचार मी एकदाही स्वतःपुरता केला नाही, तो टाळण्यासाठी मी हुशारी वापरली.

माझ्याच व्यवसायातली वेगळी माणसं मला ठाऊक नव्हती असंही नाही. विजयदेव नारायण साही याच शहरात १९२४ मध्ये जन्मले, काशी विद्यापीठात आणि मग अलाहाबादला त्यांनी इंग्रजी शिकवलं, आणि जायसीवर हिंदीत असं लिहिलं की हिंदीवाल्यांना जायसी पुन्हा वाचावा लागला. विंदांनी इंग्रजी शिकवता शिकवता ‘राजा लिअर’ आणि अ‍ॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणलं. त्यांची नावं मी भाषणात घ्यायचो, आपणही त्याच घरचे आहोत अशा थाटात. पस्तीस वर्षांत मी मराठीत काय आणलं? हिंदीत काय? एक पानही नाही. वेळ नव्हता, असं म्हणायचो. निबंधांना वेळ होता.

मग आता काय करायचं? कबुली देऊन हलकं वाटून घेणं हाही एक लोभच नाही का, असं लिहिता लिहिता मनात येतं. हा मजकूर वाचून कुणी म्हणेल, काय प्रामाणिक माणूस आहे, आणि मला ते आवडेल. त्यामुळे हे लिहिण्याआधी दोन कामं केली. निबंध छापणाऱ्या संपादकांना कळवलं की मूळ प्रश्न एका विद्यार्थ्याचा आहे आणि त्याची संमती मिळाली तर तशी नोंद पुढच्या अंकात छापावी. आणि त्याच्या एका वर्गमित्राकडून पत्ता मिळवला. तो पूर्वांचलातल्या एका इंटर कॉलेजात संस्कृत शिकवतो. नाव इथे देत नाही. ते द्यायचं की नाही हे त्याने ठरवायचं.

पत्र हाताने लिहिलं, हिंदीत. माझी हिंदी लिहायची सवय मोडलेली, दोनदा फाडलं. काल विश्वेश्वरगंजच्या मोठ्या पोस्टात जाऊन पाठवलं. माफीचं पुढे आहे, निबंधाचं त्याच्याही पुढे. पहिल्या ओळीत त्याच्या जिज्ञासेचं उत्तर दिलंय, जे त्या सकाळी द्यायचं राहिलं होतं. तुम्ही विचारलंत ते मला माहीत नव्हतं.